वेबसाइट शिकणाऱ्या मुलामुलींसाठी

वेबसाइट बनवायला शिकायचे म्हटले की क्लासवाले आधी फीचा आकडा सांगतात. पालकांनो, कर्ज काढण्यापूर्वी थोडे थांबा. टिम बर्नर्स-ली यांनी वेब ज्या सर्न संस्थेत घडवले, तिने ३० एप्रिल १९९३ रोजी ते सर्वांना विनामूल्य खुले केले. पहिले पान तयार करायला जुना संगणक आणि नोटपॅड पुरे. ब्राउझरमध्ये कोणत्याही पानाचा एचटीएमएल मजकूर उघडून वाचता येतो; आमच्या मते हाच खरा क्लास! आधी एचटीएमएल, मग सीएसएस, त्यानंतर जावास्क्रिप्ट. आणि चित्रासोबत 'ऑल्ट' मजकूर लिहाच. अंध माणसाला स्क्रीन रीडर तोच वाचून दाखवतो. तिथे नुसते 'फोटो १' लिहिले, तर त्याला काय कळणार?