स्पीडवे स्वाराची कारकीर्द : गुणांवर चालणारा व्यवसाय

व्यावसायिक खेळाडू म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर बहुधा क्रिकेटपटूचा वार्षिक करार येतो. या पाठात आपण ज्या खेळाडूची ओळख करून घेणार आहोत, त्याची कमाई मात्र एकेका मिनिटाच्या शर्यतीत ठरते. हा खेळाडू म्हणजे स्पीडवे या मोटरसायकल शर्यतीचा स्वार. ब्रिटन, पोलंड, स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये या खेळाच्या नियमित लीग चालतात. भारतात तो रुजलेला नाही, म्हणून आधी खेळ समजून घेऊ.

स्पीडवेचा ट्रॅक लंबवर्तुळाकार आणि कच्चा असतो. त्याची लांबी साधारणपणे २६० ते ४२५ मीटर. एका शर्यतीत चार स्वार चार चकरा मारतात, त्याही नेहमी डावीकडे वळत. या शर्यतीला हीट म्हणतात. मोटरसायकल ५०० सीसीची, एका सिलिंडरची, मिथेनॉलवर धावणारी आणि एकाच गिअरची असते. तिला ब्रेक नसतो. हे वाचून तुम्ही दचकाल, पण त्यामागे विचार आहे : दाटीने धावणाऱ्या चौघांपैकी पुढच्याने अचानक ब्रेक दाबला, तर मागचा सरळ त्याच्यावर आदळेल. मग वळण घ्यायचे कसे? स्वार मागचे चाक मुद्दाम बाहेरच्या बाजूला घसरू देतो आणि पुढचे चाक उजवीकडे वळवून तोल सांभाळतो. वेग आवरण्याचे काम ही घसरणच करते. डावा पाय जमिनीला घासत राहतो, म्हणून त्या बुटाखाली पोलादी तळ बांधलेला असतो.

पहिल्या स्वाराला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १ आणि चौथ्याला शून्य. या साध्या कोष्टकावरच स्वाराचे घर चालते. क्लब त्याला दरमहा पगार देत नाही. करार करताना काही रक्कम मिळू शकते. पुढची कमाई मिळवलेल्या गुणांच्या हिशेबाने, काही ठिकाणी प्रत्येक हीटमध्ये उतरण्याचे वेगळे पैसे धरून.

येथे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी थोडे थांबावे. लीगच्या सामन्यात प्रत्येक हीटमध्ये दोन्ही संघांचे दोन-दोन स्वार असतात. गुणाला पैसा असेल, तर एकाच संघातले दोघे एकमेकांनाच मागे टाकायला धावतील आणि त्या झटापटीत दोघेही पडतील. यावर उपाय म्हणून बोनस गुण आहे. आपल्याच जोडीदाराच्या मागोमाग दुसरा आलेला स्वार २ गुण आणि १ बोनस मिळवतो. संघाच्या बेरजेत दोनच धरले जातात, पण पैसे तीनचे मिळतात. प्रोत्साहनाची रचना कशी करावी याचे इतके नेटके उदाहरण इतर खेळांत मला तरी सापडलेले नाही.

खर्चाची बाजूही स्वाराचीच. मोटरसायकली, इंजिनांची देखभाल, टायर, मेकॅनिकची मजुरी आणि प्रवास हे सारे त्याच्या खिशातून जाते. प्रायोजक मिळाला तर भार हलका होतो. त्यामुळे आजचे आघाडीचे स्वार एकाच मोसमात पोलंड आणि स्वीडन अशा दोन-दोन देशांच्या लीगमध्ये खेळतात. स्वार हा नोकरदार नव्हे. एका माणसाची फिरती कंपनी आहे.

हे फार लवकर ओळखले ते न्यूझीलंडच्या आयव्हन मेजर यांनी. (इंग्रजी अक्षरे पाहून आपण ‘मॉगर’ म्हणू, पण उच्चार मेजर असाच आहे.) ख्राइस्टचर्चमध्ये १९३९ साली जन्मलेले मेजर १९५७ मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, इंग्लंडमध्ये विम्बल्डनच्या क्लबकडे गेले. ते तेथे टिकू शकले नाहीत आणि मायदेशी परतले. पुन्हा इंग्लंडला जायला १९६३ साल उजाडले. या वेळी क्लब होता न्यूकॅसल. तेव्हाची जागतिक अंतिम फेरी एकाच रात्रीत होई : सोळा स्वार, वीस हीट, प्रत्येकाला पाच संधी आणि प्रत्येकाची प्रत्येकाशी एकदा गाठ. मेजर १९६६ मध्ये चौथे आले, १९६७ मध्ये तिसरे आणि १९६८ मध्ये पहिले. नंतर १९६९, १९७०, १९७२, १९७७ आणि १९७९ मिळून त्यांनी सहा विजेतेपदे जिंकली.

लागोपाठ तिसरे विजेतेपद मिळाल्यावर दोन अमेरिकन चाहत्यांनी त्यांची मोटरसायकल सोन्याने मढवून दिली. ती जावा होती. मैसूरच्या कारखान्यात १९६० च्या दशकात बनणाऱ्या जावा गाड्यांमुळे हे नाव आपल्याकडेही परिचित आहे, मात्र स्पीडवेचे यंत्र अगदी वेगळे.

एका रात्रीचा खेळ किती निर्दय असतो, हे १९७३ मध्ये पोलंडमधल्या खोझुफ येथे दिसले. मेजर आणि पोलंडचा येझी श्चाकेल यांचे प्रत्येकी १३ गुण झाले. निर्णायक हीटमध्ये श्चाकेलला गाठण्याच्या प्रयत्नात मेजर पडले आणि वर्षभराची मेहनत तेथेच संपली. सहा वर्षांनी त्याच मैदानावर, चाळिशीला महिनाभर बाकी असताना, ते सहाव्यांदा विजेते झाले. एका रात्रीची ही पद्धत १९९४ पर्यंत चालली. १९९५ पासून ग्रां प्री मालिका सुरू झाली.

मेजर यांची व्यावसायिक समज ट्रॅकबाहेरही दिसते. युरोपात हिवाळा आला की शर्यती थांबतात, पण तेव्हा दक्षिण गोलार्धात उन्हाळा असतो. आपलेच गाववाले बॅरी ब्रिग्ज यांच्यासह त्यांनी जगज्जेत्या स्वारांचे पथक ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये फिरवले. बंद महिन्यांची कमाई त्यातून उभी राहिली. त्यांच्या हाताखाली शिकलेला डेन्मार्कचा ओले ओल्सन पुढे तीनदा जगज्जेता झाला. १९७१ मध्ये तर मेजर यांनाच दुसऱ्या स्थानावर ठेवून.

आता या हिशेबाची सर्वांत कठीण बाजू पाहू. पायाचे हाड मोडले की गुण थांबतात, गुण थांबले की पैसे थांबतात. मोटरसायकलचे हप्ते मात्र थांबत नाहीत. म्हणून हाड नीट सांधण्याआधीच ट्रॅकवर परतण्याचा मोह स्वारांना होतो, आणि तो मोह पगाराची पद्धतच निर्माण करते. काही अपघात परतण्याची संधीही ठेवत नाहीत. ऑस्ट्रेलियाचा डार्सी वॉर्ड हा पुढचा जगज्जेता मानला जात असे. ऑगस्ट २०१५ मध्ये पोलंडमधल्या एका लीग सामन्यात तो पडला, मणक्याला इजा झाली आणि विशीतच त्याची कारकीर्द संपली. ब्रिटनमध्ये जखमी स्वारांसाठी एक मदत निधी आहे. त्यासाठी ट्रॅकवर प्रेक्षकांतून वर्गणी गोळा केली जाते.