ज्वारीची भाकर आणि ब-३ जीवनसत्त्व



कापूस वेचणीच्या दिवसांत एखाद्या बाईचे हात काळे पडतात, कातडी खरखरीत होऊन पापुद्रे निघतात. "ऊन लागलं," म्हणून आपण सोडून देतो. बहुतेक वेळा ते ऊनच असते. पण डाग दोन्ही हातांवर सारखे, दोन्ही पायांवर सारखे, गळ्याभोवती पट्टा आणि झाकलेले अंग मात्र साफ, असे दिसले तर नुसत्या उन्हाला दोष देऊ नका. सोबत तोंड येणे, जीभ लालभडक होणे, वारंवार ढाळ, झोप न लागणे, चिडचिड किंवा विसरभोळेपणा असेल, तर पेलाग्रा या रोगाची शंका घ्यावी. हा रोग एकापासून दुसऱ्याला लागत नाही. कुणाच्या करणीनेही होत नाही. शरीरात नायसिन, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, कमी पडले की होतो. अन्नातून शक्ती तयार करायला शरीराला हे जीवनसत्त्व लागतेच.

पूर्वी हा मका खाणाऱ्यांचा रोग समजला जाई. तो जंतूंचा नसून अपुऱ्या आहाराचा आहे, हे अमेरिकेत डॉ. गोल्डबर्गर यांनी १९१५ च्या सुमारास दाखवून दिले. आपल्याकडे हैदराबादेत डॉ. सी. गोपालन आणि डॉ. एस. जी. श्रीकांतिया यांना तो ज्वारीवर गुजराण करणाऱ्या गरिबांत आढळला. १९६० मध्ये त्यांनी त्यावर लिहिले. ज्वारीत ल्युसिन नावाचा प्रथिनाचा घटक जास्त असतो आणि तो नायसिनच्या कामात अडथळा आणतो, असे त्यांचे म्हणणे. या कारणावर पुढे शास्त्रज्ञांत एकमत झाले नाही. एक गोष्ट मात्र पक्की आहे. नुसत्या भाकरीवर, वरण-दुधावाचून, महिनोन्‌महिने राहणाऱ्याला धोका असतो.

म्हणून काय भाकर सोडायची? मुळीच नाही. ज्वारी चांगलेच धान्य आहे. तिला जोड हवी.

जड काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २३ आणि बाईला १८ मिलिग्रॅम नायसिन लागते. मूठभर, म्हणजे ३० ग्रॅम, शेंगदाण्यांतून साडेतीन मिलिग्रॅमच्या आसपास मिळते. शिवाय डाळ, दूध, अंडी, मासे, मटण यांतल्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन असते. त्यापासून शरीर स्वतः नायसिन बनवते; ६० मिलिग्रॅमपासून १ मिलिग्रॅम, असा हिशेब धरतात. कण्या ताकात शिजवून खाण्याची आपल्याकडची रीत या दृष्टीने शहाणपणाची आहे. ठेचा रोजचाच असेल तर त्यात दाणे कुटून घाला.

आता थोडे स्पष्ट बोलतो. घरात वरण शिजते, पण वाढताना आधी पुरुष, मग पोरं. शेवटी बसणाऱ्या बाईच्या वाट्याला भाकर, मिरची आणि वरणाचे वरचे पाणी. वेचणीला सगळ्यात जास्त वेळ उन्हात तीच असते. डाळ घट्ट शिजवा आणि तिचा वाटा आधी काढून ठेवा.

कपाशीच्या पाट्यात तूर आपण लावतोच. पण भाव आला की सगळी बाजारात जाते, आणि पुढे तीच डाळ दुकानातून पावशेर-पावशेर आणावी लागते. वर्षाची तूर आधी घरात ठेवा, मग उरलेली विका. धुऱ्याकडेला चार ओळी बरबटी, मूग टाका. पाणी असेल त्याने घरापुरता उन्हाळी भुईमूग करावा.

रोज दारू पिणाऱ्यालाही हा रोग होतो, कारण जेवण तुटते आणि खाल्लेले नीट अंगी लागत नाही. क्षयरोगावरील आयसोनियाझिड या औषधानेही क्वचित अशी लक्षणे येतात. पण म्हणून ते औषध आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना डाग दाखवा.

वर सांगितल्यासारखे डाग दिसले तर मलमावर पैसे घालवण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा. योग्य गोळ्यांनी तोंड आणि ढाळ काही दिवसांत सुधारतात, कातडीला काही आठवडे लागतात. दुकानातून आणून मनाने जास्त गोळ्या घेऊ नका. मोठ्या मात्रेने यकृताला इजा होते. आणि गोळ्या चालू असतानाही ताटात वरण हवेच.