लेसर-शस्त्रकर्मोत्तर शुष्काक्षी : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी काही विचार

चष्म्याचा नंबर घालविण्यासाठी केल्या जाणाऱ्या लॅसिक शस्त्रकर्मानंतर डोळे कोरडे पडतात आणि बहुतेक रुग्णांत ही तक्रार काही महिन्यांत ओसरते, हे आपण सर्व जाणतो. प्रस्तुत लेखाचा विषय मात्र उरलेले रुग्ण हा आहे. वर्ष उलटले, दोन वर्षे उलटली, तरी ज्यांच्या डोळ्यांतील आग, खुपणे व जडपणा जात नाही, असे हे रुग्ण. नेत्रतज्ज्ञाकडून औषधाच्या दुकानात, तेथून वैद्याकडे व पुन्हा दुकानात असे ते फिरत राहतात. डोळा वरून पाहिला तर शांत व पांढरा असतो. त्यामुळे घरचे आणि पुष्कळदा चिकित्सकही त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवीत नाहीत.

पनवेल उपविभागातील उरण तालुक्यात, द्रोणागिरीच्या पायथ्याशी असलेल्या करंजा गावात आमचे चिकित्सालय आहे. हनुमंत संजीवनीचा पर्वत नेत असता त्याचा एक तुकडा येथे पडला, अशी लोककथा आहे. वैद्याने राहावे असेच हे गाव. पलीकडे धरमतरची खाडी व रेवस, अलीकडे कोळी-आगरी वस्ती. नव्या पिढीतील अनेकजण बंदराच्या कंटेनर यार्डांत संगणकासमोर बसतात आणि सुटीच्या दिवशी घरच्या होडीवर जातात. ‘समुद्राकाठी हवा दमट, मग डोळा कोरडा कसा?’ असा प्रश्न आम्हाला नेहमी विचारला जातो. बाहेरची हवा दमट असली तरी वातानुकूलित खोलीतील हवा शुष्क असते. पडद्याकडे एकटक पाहताना निमेषोन्मेष कमी होतात आणि होडीवरचा सोसाट्याचा वारा अश्रूंचा थर टिकू देत नाही. ट्रेलरांची धूळ व डिझेलचा धूर यांची भर पडते ती वेगळीच. निरोगी डोळा हे सोसतो. शस्त्रकर्म झालेला डोळा सोसत नाही.

असे का होते, हे नीट समजून घेतले पाहिजे. लॅसिकमध्ये पारपटलाच्या वरच्या थराची एक पातळ झाकणी कापून उचलतात, खालच्या भागाला लेसरने आकार देतात व झाकणी पुन्हा बसवितात. पारपटल हा शरीरातील अत्यंत संवेदनशील भाग असून पाचव्या शीर्षण्य नाडीच्या सूक्ष्म शाखा त्यात पसरलेल्या असतात. झाकणी कापताना, बिजागरीकडील बाजू वगळता, या शाखा छेदल्या जातात. डोळ्यात अश्रू किती यावेत व पापणी केव्हा लवावी, याची सूचना याच शाखांतून जाते. ती सूचना थंडावली की अश्रू घटतात आणि पापणी कमी लवते. नाड्या पुन्हा वाढतात, पण सावकाश. शस्त्रकर्मानंतर तीन वर्षांनीही त्यांची घनता पूर्ववत झालेली नसते, असे सूक्ष्मदर्शकीय पाहणीत आढळले आहे. काही रुग्णांत त्या वेड्यावाकड्या वाढतात आणि कारण नसताना वेदनेचा संदेश देऊ लागतात. अशा वेळी डोळा पुरेसा ओला असूनही रुग्ण ‘कोरडा आहे, जळतो आहे’ असेच सांगतो. बोस्टनचे नेत्रतज्ज्ञ पेरी रोझेंथाल व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली, तपासणीत डाग दिसत नसतानाही होणाऱ्या पारपटलाच्या वेदनेकडे लक्ष वेधले. २०१७ साली जागतिक तज्ज्ञगटाने शुष्काक्षीची जी नवी व्याख्या केली, तीत नाडीसंवेदनेतील बिघाड हे एक कारण म्हणून मान्य झाले. त्याच वर्षी अमेरिकेतील प्रॉउल अभ्यासाचे निष्कर्ष आले. शस्त्रकर्मापूर्वी कोरडेपणाची लक्षणे नसलेल्यांपैकी २८ टक्क्यांपर्यंत रुग्णांनी तीन महिन्यांनी ती लक्षणे असल्याचे सांगितले. तेव्हा ‘तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे रुग्णास म्हणणे शास्त्राला धरून नाही.

वैद्यबंधूंना येथे शुष्काक्षिपाक आठवेल. सुश्रुताचार्यांनी तो सर्वगत नेत्ररोगांत, वातप्रधान व साध्य असा सांगितला आहे. वाग्भटांनी वातासह पित्ताचाही संबंध मानला आहे. पापण्या रूक्ष व कठीण होणे, उघडझाप कष्टाने होणे, घर्षण, शूल, शीताची इच्छा ही लक्षणे आमच्या रुग्णांच्या तक्रारींशी चांगलीच जुळतात. तरीही लॅसिकनंतरची शुष्काक्षी म्हणजे शुष्काक्षिपाकच, असे समीकरण मांडण्यास आम्ही तयार नाही. येथे निदान आहे शस्त्राचा अभिघात. वातप्रकोप त्याच्या मागून आलेला आहे. या भेदाला चिकित्सेत महत्त्व आहे, कारण ग्रंथोक्त क्रियाकल्प ज्या डोळ्यावर सांगितले तो डोळा अखंड होता. आपल्यासमोरच्या डोळ्यावर एक झाकणी आहे आणि ती मूळच्या बळाने कधीही जुळत नाही. आघाताने ती वर्षांनंतरही सरकल्याची उदाहरणे नोंदलेली आहेत.

म्हणून नेत्रतर्पणाविषयी आम्ही सावध आहोत. जीवनीय घृताचे तर्पण शुष्काक्षिपाकात प्रशस्त सांगितले आहे आणि अन्य कारणांच्या शुष्काक्षीत त्याने आराम पडतो, हा आमचाही अनुभव आहे. परंतु लॅसिकच्या रुग्णात पहिले सहा महिने आम्ही ते मुळीच करीत नाही. पुढेही शस्त्रकर्म करणाऱ्या नेत्रतज्ज्ञाची लेखी संमती असल्यासच करतो. माषपिष्टाची पाळी नेत्रगोलावर दाब न देता बसवावी, घृत निर्जंतुक असावे व एका रुग्णाचे घृत दुसऱ्यास वापरू नये. तर्पणाने तुटलेल्या नाड्या जुळतात, असा दावा मात्र कोणी करू नये. तीक्ष्ण अंजने, मधुयुक्त व कर्पूरयुक्त थेंब आणि फडक्यातून गाळलेल्या त्रिफळा काढ्याने डोळे धुणे, हे सर्व या रुग्णांत वर्ज्य समजावे. सैंधवयुक्त शीत दुधाचा परिषेक ग्रंथात आहे; पण आजच्या पिशवीतील दूध शस्त्रकर्म झालेल्या डोळ्यात कोणी घालू नये. डोळे चोळणे व तळव्यांनी दाबणे हेही बंद करावे.

मग उरते काय? पुष्कळ उरते, आणि ते डोळ्याच्या बाहेरून करावयाचे आहे. अग्नी पाहून रात्री दुधातून त्रिफळा घृत, सकाळी अणुतैलाचे प्रतिमर्श नस्य दोन-दोन थेंब, झोपताना पादाभ्यंग. रात्रपाळीच्या रुग्णात आम्ही औषधापूर्वी झोपेची चौकशी करतो, कारण जागरण चालू असता कोणतेही घृत फार काही करीत नाही. वीस मिनिटांनी पडद्यावरून दृष्टी काढून पापण्या पूर्ण मिटाव्यात. वातानुकूलन यंत्राचा झोत तोंडावर घेऊ नये. होडीवर कडेने बंद असलेला गॉगल वापरावा. आहारात सुकटीचे व खारवलेल्या मासळीचे प्रमाण कमी करावे. माशाच्या तेलाच्या गोळ्यांचा हल्ली फार बोलबाला आहे. परंतु २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ड्रीम चाचणीत, वर्षभर रोज ३००० मिलिग्रॅम ओमेगा-३ घेऊनही ऑलिव्ह तेलाच्या गोळ्यांपेक्षा अधिक लाभ दिसला नाही. बांगडा व तारली रोज खाणाऱ्या करंजेकराला तर त्या विकूच नयेत!

औषधविक्रेत्यांकडे वळू. हा रुग्ण सर्वांत अधिक वेळा त्यांच्याच दारी येतो. दिवसातून चार-सहा वेळांहून अधिक थेंब लागत असतील तर परिरक्षकविरहित, एकदाच वापरावयाच्या नळ्या द्याव्यात. बेन्झाल्कोनियम क्लोराइड वारंवार लागल्याने पारपटलाची हानी होते. लाली घालविणारे थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करतात, कोरडेपणा जात नाही. चिठ्ठीविना स्टेरॉइडचे थेंब देणे येथे दुहेरी धोक्याचे आहे. स्टेरॉइडने डोळ्यातील दाब वाढू शकतो आणि लॅसिकने पातळ झालेल्या पारपटलामुळे तो दाब यंत्रावर प्रत्यक्षाहून कमी दिसतो. काचबिंदू अशा वेळी ध्यानात येत नाही. सर्दीसाठी सेटिरिझिन, मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन मागणाऱ्या तरुणास ‘डोळ्याचे लेसर झाले आहे काय?’ एवढे विचारावे. ही औषधे कोरडेपणा वाढवितात. निर्जंतुकतेचे महत्त्व २०२३ साली साऱ्या जगाने पाहिले. भारतात तयार झालेल्या कृत्रिम अश्रूंच्या बाटल्यांशी अमेरिकेतील ८१ रुग्णांच्या जंतुसंसर्गाचा संबंध तेथील आरोग्ययंत्रणेने जोडला. त्यांतील १४ जणांची दृष्टी गेली व चौघे दगावले. उघडलेली बाटली महिन्याने टाकून द्यावी, हे प्रत्येक गिऱ्हाइकास सांगावे. आयुर्वेदीय नेत्रबिंदूंनाही हाच नियम लावावा.

आमच्याकडे येण्यापूर्वी रुग्णाचे सायक्लोस्पोरिनचे किंवा स्वतःच्या रक्तजलाचे थेंब चालू असतील, तर ते वैद्याने परस्पर बंद करू नयेत. शर्मर पट्टीची परीक्षा चिकित्सालयातही करता येते. पाच मिनिटांत दहा मिलिमीटरहून कमी ओल म्हणजे अश्रू कमी. ओल पुरेशी असूनही आग तीव्र असेल, तर नाडीजन्य वेदनेचा संशय धरून पारपटलाच्या तज्ज्ञाकडे पाठवावे. झोप उडाली आहे काय, जीव नकोसा वाटतो काय, हेही स्पष्ट विचारावे व होकार आल्यास त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाची व्यवस्था करावी. अचानक वेदना वाढणे, पू, उजेड न सोसणे वा दृष्टी मंदावणे यांपैकी काहीही दिसले, तर औषध न देता रुग्णास त्याच दिवशी नेत्ररुग्णालयात धाडावे.