विंटेज म्हणजे जुनी नव्हे

रेड वाइनच्या टेस्टिंगला गेलो आणि कुणी बाटलीवरचं साल वाचून "ही तर कालपरवाची दिसते, जुनी नाही का?" असं विचारलं नाही, असं अजून झालेलं नाही. पाठोपाठ "वाइन जितकी जुनी तितकी भारी" हेही येतंच. पूर्वी मी समजावून सांगायचो. हल्ली नुसता ग्लास फिरवत उभा राहतो.

निम्मा घोटाळा विंटेज या शब्दाचा. जुन्या मोटारींमुळे आपल्याला विंटेज म्हणजे पुरातन असं वाटतं. वाइनच्या लेबलावर मात्र द्राक्षं ज्या वर्षी तोडली ते साल, एवढाच त्याचा अर्थ. गेल्या वर्षीची बाटलीही विंटेजच.

उरलेला घोटाळा मुरण्याचा. रेड वाइन बाटलीत मुरते ती मुख्यतः टॅनिन आणि आम्लाच्या जोरावर. जांभळं खाल्ल्यावर जीभ ओढल्यासारखी होते ना, ती टॅनिनचीच करामत. द्राक्षाच्या सालीतून आणि बियांतून आलेलं हे टॅनिन वर्षानुवर्षं एकमेकांना चिकटत जातं, काही गाळ होऊन तळाशी बसतं. तुरटपणा मऊ होतो, जांभळा रंग विटकरीकडे झुकतो. पण हे भांडवलच नसेल, तर वाइन ठेवून फक्त फळाचा वास जातो. कोशिंबीर बरणीत भरून वर्षभर ठेवली म्हणून तिचं लोणचं होत नाही! बाजारातल्या बहुतेक वाइन काही वर्षांतच प्यायच्या असतात. फ्रान्सची बोजोले नुव्हो तर तोडणीच्याच वर्षी, नोव्हेंबरच्या तिसऱ्या गुरुवारी विक्रीला येते आणि काही महिन्यांत संपवायची असते.

आमच्या नात्यातल्या एकांनी परदेशातून आणलेली बाटली चौदा वर्षं शोकेसमध्ये उभी ठेवली. ट्यूबलाइटखाली, दर उन्हाळ्यात घामाघूम. मुलाच्या लग्नात उघडली. त्यापेक्षा चिंचेचं पाणी बरं. मोठ्यांकडेही हेच होतं. 1985 साली लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात फोर्ब्स कुटुंबानं 1787ची म्हणून शातो लाफितची एक बाटली 1 लाख 5 हजार पौंडांना घेतली. प्रदर्शनात दिव्यांखाली उभी राहून तिचं बूच सुकलं आणि आत पडलं. ती बाटली खरी की बनावट, हा वाद वेगळाच.

मग साल बघायचंच नाही का? बघायचं, पण प्रदेश पाहून. बोर्दोत द्राक्षं पिकताना अटलांटिकवरून पाऊस येऊ शकतो, म्हणून तिथं 2010 आणि 2013मध्ये जमीन-अस्मानाचा फरक. एकाच शातोची ही दोन सालं शेजारी ठेवून चाखलीत की कळेल. नाशिकची गोष्ट निराळी. एप्रिलमध्ये खरड छाटणी, पावसाळा सरताना फळछाटणी आणि तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, म्हणजे कोरड्या दिवसांत. इथं साल बिघडवते ती अवकाळी किंवा गारपीट. बोर्दोचा विंटेज तक्ता नाशिकच्या बाटलीला लावणारे भेटले की मी टेबल बदलतो.

"मुरणारी वाइन ती फ्रेंचच" हाही याच गैरसमजाचा धाकटा भाऊ. 1976 साली पॅरिसमध्ये लेबलं झाकून चाचणी झाली. परीक्षक फ्रेंच, तरी रेडमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची स्टॅग्ज लीप, 1973ची. आमच्या वाइन मुरल्या की बघा, असं फ्रेंच बाजूचं म्हणणं. 2006मध्ये त्याच वाइन पुन्हा चाखल्या तेव्हा पहिल्या पाचही कॅलिफोर्नियाच्या होत्या.

बाकीचे किरकोळ. ग्लासच्या कडेनं ओघळणाऱ्या धारांचा दर्जाशी संबंध नाही. अल्कोहोल उडताना पृष्ठताणात होणाऱ्या फरकाचा तो खेळ आहे. "रूम टेंपरेचर" म्हणजे युरोपातली थंड खोली, 16 ते 18 अंशांची. मे महिन्यात बाटली अर्धा तास फ्रिजमध्ये ठेवा. रेड वाइननं डोकं दुखतं ते सल्फाइटमुळे, असं म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावं की व्हाइटमध्ये ते सहसा जास्त असतं. जाणकारांचं नाक फसत नाही, हेही खोटं. बोर्दो विद्यापीठातल्या 54 जणांना लाल रंग घातलेली व्हाइट वाइन दिली, तर त्यांनी तिचं वर्णन रेडच्याच शब्दांत केलं (मोरो, ब्रोशे आणि द्युबुर्दिय, 2001).

आणि टेस्टिंगला थुंकणं असभ्य नाही. दहा वाइन चाखून दहावीबद्दल शुद्धीत बोलायचं तर थुंकावंच लागतं, टेबलावर भांडं त्यासाठीच ठेवलेलं असतं. मागच्या खेपेला माझ्या शेजारचे गृहस्थ त्यात शेंगांची टरफलं टाकत होते.