डोंगर कापण्याआधी

निपाणीजवळचा तवंदी घाट असो की बेळगावहून गोव्याकडे उतरणारा चोर्ला, उतारावर रस्ता किंवा घर करायचं तर डोंगराचा पायथा कापला जातो. धोका तिथूनच वाढतो. पावसाचं पाणी मातीतून कातळापर्यंत मुरतं, पुढे वाट न मिळाल्याने तिथेच साचतं आणि मातीचे कण एकमेकांना धरून ठेवू शकत नाहीत. खालचा आधार आधीच काढलेला असला तर अख्खा थर सुटतो. कर्नाटकातच अंकोल्याजवळ शिरूरला १६ जुलै २०२४ रोजी दरड राष्ट्रीय महामार्ग ६६ वर कोसळली आणि माणसं, वाहनं गंगावळी नदीत ओढली गेली.

२००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्यानुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. पण आपल्या हद्दीतली बांधकामं ठरलेल्या सुरक्षा निकषांप्रमाणे होतात की नाही, हे पाहणं स्थानिक संस्थेचं काम आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवणतेचे नकाशे १:५०,००० प्रमाणाचे आहेत. त्यात एक सेंटिमीटर म्हणजे अर्धा किलोमीटर. एखादं घर त्यात दिसणारच नाही. म्हणून परवाना देण्यापूर्वी उतार चालून पाहायला हवा, असं मला ठामपणे वाटतं.

वरच्या अंगाला पाणी वळवणारा चर आणि संरक्षक भिंतीला पाणी निघायची भोकं, एवढं तरी अटींत हवंच. भोकं नसलेली भिंत पाणी अडवून उलट भार वाढवते. उतारावर नव्या भेगा पडल्या, खांब कलले किंवा झऱ्याचं पाणी एकाएकी गढूळ झालं, तर पंचनाम्याची वाट न पाहता घर सोडावं.