पिडेरस भुंगेऱ्यांच्या जातिनिश्चितीतील अडचणी : नवी मुंबई परिसराच्या संदर्भात

भातखाचरे, दमट हवा आणि रात्रीचे प्रखर दिवे जेथे एकत्र येतात, तेथे पिडेरस वंशातील भुंगेऱ्यांचा उपद्रव संभवतो. 1970 साली सिडकोची स्थापना झाल्यानंतर खाचरे, मिठागरे व खाजणांच्या भूमीवर वसलेल्या नवी मुंबईत, विशेषतः पनवेल-उरणच्या शेतीलगतच्या वसाहतींत, हे तिन्ही घटक आढळतात.

स्टॅफिलिनिडी कुल ओळखणे अवघड नाही. पंखकवचे आखूड असल्याने उदराचे बहुतेक खंड उघडे राहतात. डर्माप्टेरा गणातील कीटक वरवर असेच दिसतात. परंतु त्यांच्या उदराच्या टोकास चिमटा असतो, भुंगेऱ्यास तो नसतो.

खरी अडचण जातीच्या पातळीवर सुरू होते. पिडेरस फ्युसिपेस या सुपरिचित जातीचे डोके काळे, अग्रवक्ष नारिंगी, पंखकवचे चकचकीत निळसर-हिरवी, तर उदर नारिंगी व टोकाशी काळे असते. मात्र हीच रंगसंगती या वंशातील कित्येक जातींत थोड्याफार फरकाने आढळते. पायांची व शृंगिकांची छटा, पंखकवचांची लांबी, त्यांवरील सूक्ष्म खळग्यांची दाटी ही लक्षणे साहाय्यक होत, निर्णायक नव्हेत. त्यातही अल्कोहोलमध्ये दीर्घकाळ ठेवलेल्या नमुन्याच्या रंगावर फारसे विसंबता येत नाही. माल्कम कॅमरन यांनी 1930 ते 1939 या काळात 'फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया' या मालेत या कुलावरील खंड सिद्ध केले. ते आजही उपयुक्त असले, तरी नंतरच्या संशोधनाशी ताडून पाहिल्याशिवाय केवळ त्यांवरून नाव देणे धाडसाचे ठरते. नराच्या उदराचे टोक मऊ करून जननांग अलग काढणे व त्याचा आकार सूक्ष्मदर्शकाखाली तपासणे, हाच विश्वसनीय मार्ग होय.

येथे एक विचित्र पेच उद्भवतो. हा कीटक चावत नाही वा दंशही करीत नाही. तो त्वचेवर चिरडला गेल्यास त्याच्या शरीरद्रवातील पेडेरिन या विषामुळे साधारणतः एक-दोन दिवसांत जळजळ व फोड येतात. रेषेसारख्या पसरलेल्या या फोडांना पुष्कळदा नागीण समजले जाते. पेडेरिनची निर्मिती मुख्यत्वे मादीच्या शरीरातील सहजीवी जीवाणू करतात. नरात त्याचे प्रमाण अल्प असते. म्हणजे इजा बहुधा जिच्यामुळे होते, तीच मादी जातिनिश्चितीस अपुरी पडते! रुग्णाने आणलेला चिरडलेला नमुना तर त्याहून निरुपयोगी. अशा नमुन्यावर 'पिडेरस, जाती अनिश्चित' एवढेच लिहिणे शास्त्रशुद्ध होय. सवयीने 'फ्युसिपेस' लिहिल्यास ती नोंद पुढील प्रत्येक सूचीत शिरते.

हे भुंगेरे भातावरील तुडतुड्यांचे भक्षक आहेत, त्यामुळे सरसकट कीटकनाशक फवारणे शेतीसही हानिकारक ठरते. दिव्याखाली गोळा केलेल्या नमुन्यांसोबत लगतच्या खाचरातील नर मिळविल्यास दोहोंची तुलना शक्य होते; चिठ्ठीवर मात्र दिनांक व स्थळाबरोबरच 'दिव्यावर' की 'शेतात' हेही नोंदविलेले असावे.