शब्दांची साक्ष काढणारा कोश

अर्थ पाहायचा आणि कोश मिटायचा, एवढीच गरज असेल तर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हे भलतेच गैरसोयीचे पुस्तक आहे. १९८९ची दुसरी आवृत्ती २० खंडांची, पाने २१ हजारांच्या वर. तरीही शब्दवेडे लोक त्यात तासन्‌तास रमतात. शब्दसंख्येचे कौतुक त्याला पुरेसे कारण नाही. आकड्यांचा अचंबा पहिल्या खंडातच ओसरतो. खरी ओढ असते ती अर्थाखाली बारीक टाइपात रचलेल्या अवतरणांची. १८५७ साली रिचर्ड ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे मांडले की कोशकाराने शब्दांचा इतिहास लिहावा, त्यांची बरी-वाईट अशी निवड करू नये. पुढचा सगळा खटाटोप या एका वाक्यातून निघाला. १८७९मध्ये संपादकपद स्वीकारणाऱ्या जेम्स मरे यांनी पत्र्याच्या खोलीत चिठ्ठ्यांचे खण मांडले. ठिकठिकाणचे हौशी वाचक पुस्तके चाळून चिठ्ठ्या पाठवत. कोपऱ्यात शब्द, खाली साल, लेखक, ग्रंथ, पान आणि तो शब्द आलेले वाक्य. पहिला भाग १८८४ला निघाला, शेवटचा १९२८ला. मरे १९१५मध्येच गेले होते.

या चिठ्ठ्यांनी काय साधले, हे ‘सिली’ या शब्दाच्या नोंदीत दिसते. आज त्याचा अर्थ मूर्ख, बावळट. पण अवतरणे सालवार वाचत गेले की आधी भाग्यवान, मग निष्पाप, मग बिचारा, दुबळा आणि अखेर खुळा असा उतार लागतो. हा बदल कोणी ठरवून केलेला नाही. एकेका लेखकाने शब्द किंचित कलता वापरला, एवढेच. नुसती व्याख्या दिली असती तर हा प्रवास सांगोवांगीचा राहिला असता. इथे प्रत्येक पायरीला साक्षीदार उभा आहे. आपल्याकडे दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’त (१९३२ ते १९३८) अर्थापुढे ज्ञानेश्वरीची ओवी येते, तेव्हा मिळणारा आनंद याच जातीचा.

अर्थ तर आता मोबाइलवर क्षणात मिळतो, मग हे ओझे कशाला, असे कोणी विचारील. अर्थापुरते ते बरोबरच आहे. पण भाषेवरून वाद पेटतो तेव्हा अर्थ पुरत नाही. एका व्यक्तीसाठी इंग्रजीतले ‘दे’ (they) हे सर्वनाम वापरणे म्हणजे आजकालचा बिघाड, असे ठासून सांगणाऱ्याला हा कोश चौदाव्या शतकातला दाखला काढून देतो. शुद्धिवाद्यांची एवढी पंचाईत दुसऱ्या कुठल्या पुस्तकाने क्वचितच केली असेल.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: साक्षीदार निवडले कोणी? शेक्सपिअरची हजारो वाक्ये आत आली, बाजारातल्या बाईचे बोलणे मात्र छापले गेले तरच. शिवाय हौशी वाचकांना विचित्र शब्दांचाच मोह. मरे यांनीच तक्रार केली होती की ‘अब्यूजन’ या दुर्मीळ शब्दाच्या पन्नासेक चिठ्ठ्या आल्या आणि रोजच्या ‘अब्यूज’च्या पाचही नाहीत. ‘बाँडमेड’ या शब्दाच्या चिठ्ठ्या तर गहाळच झाल्या. तो १९३३च्या पुरवणीत आला. दोष खरे आहेत, पण ते आपल्याला मोजता येतात कारण पुरावा उघड्यावर मांडलेला आहे. निकाल तेवढा देणाऱ्या कोशाची चूक पकडणार कशी? इथे एखाद्या जुन्या पत्रात छापलेल्या अवतरणाहून आधीचा दाखला सापडला की कोणीही तो कळवू शकतो आणि पहिल्या वापराचे साल मागे सरकते. सन २०००पासून ऑनलाइन चाललेली तिसरी आवृत्ती अशीच घडते आहे. तिची सुरुवात मात्र ‘ए’पासून नव्हे, ‘एम’पासून झाली, कारण पहिल्या अक्षरांपर्यंत मरे यांच्या कामाची घडी पुरती बसलेली नव्हती.